खारपाणपट्ट्यात किडनीचा आजार लवकर कसा पकडायचा? ॲपचं गणित की सरसकट रक्ततपासणी?

पूर्णाकाठ
अकोला, बुलढाणा, अमरावतीतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट असलेल्या खारपाणपट्ट्यात, ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. संग्रामपूर, तेल्हारा, बाळापूर या बाजूला "त्याची किडनी गेली" हे वाक्य आता पावसापाण्याच्या गप्पांत येतं. माणूस दवाखान्यात पोचतो तो तोंड सुजल्यावर, दम लागल्यावर. तोपर्यंत डायलिसिसशिवाय हातात काही उरत नाही.

माझं म्हणणं असं. सगळ्यांचं रक्त तपासणं आपल्यासारख्या देशाला परवडत नाही. पण तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराच्या धोक्याचे गुण देणारी प्रश्नावली, आशाताई आधीच भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरातला बीपी-शुगरचा इतिहास येतो. त्याला लघवीतली प्रथिनं दाखवणारी पट्टी जोडा, चार प्रश्न वाढवा आणि ॲपला ठरवू द्या की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी कुणाचं करायचं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, असं मॉडेल बांधणं अवघड नाही. मतं सांगा.

लॅबमधला
बांधणं सोपं आहे हे खरं, आणि गोची तिथंच आहे. "किडनीचा आजार ९९ टक्के अचूक ओळखणारं मॉडेल" असे शोधनिबंध ढिगानं निघतात. त्यातल्या कितीतरी निबंधांची माहिती एकच : तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या एका रुग्णालयातले ४०० लोक, २०१५ साली जाहीर झालेली. त्यातले २५० आजारी, १५० नाहीत. रकाने काय? क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, पायावर सूज, भूक लागते का. अहो, क्रिएटिनिन वाढलंय आणि पाय सुजलेत हे कळल्यावर भाकीत कशाचं करता? ते तर आमच्याकडचा शिपाईसुद्धा सांगेल.

पूर्णाकाठ
त्या माहितीवर मी बांधणारच नाही. जगभर वापरलं जाणारं, तपासून घेतलेलं सूत्रही आहे. तांगरी यांचं २०११ चं, कॅनडातलं : वय, लिंग, ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला, किडनी किती गाळते त्याचा आकडा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, एवढ्यावर चालतं.

डॉ. खेडूत
ते सूत्र वेगळ्या कामाचं आहे. आजार आहे हे ठरलेल्या माणसाची किडनी दोन किंवा पाच वर्षांत पूर्ण निकामी होण्याची शक्यता किती, हे ते सांगतं. गावात आजारी कोण आहे हे शोधत नाही. त्यात ईजीएफआर लागतो, म्हणजे आधी रक्त काढा.

मला जास्त काळजी लघवीच्या पट्टीची वाटते. मधुमेहानं किडनी बिघडते तेव्हा गाळणी आधी फाटते, प्रथिनं लघवीत उतरतात, पट्टी रंग बदलते. पण आंध्रातल्या उद्दानममध्ये, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, निकाराग्वा-एल साल्वाडोरच्या ऊसतोड मजुरांत जो आजार दिसला, तो किडनीतल्या गाळणीचा नाही, तिच्या पुढच्या नलिकांचा. तिथं प्रथिनं थोडीच जातात, सुरुवातीला बीपीही फारसा वाढलेला नसतो. आपल्याकडचा आजार त्या जातीचा निघाला तर ४० वर्षांच्या किडकिडीत शेतमजुराची पट्टी कोरी येणार. सीबॅकमध्येही त्याला कंबर बारीक म्हणून गुण कमी, राबतो म्हणून गुण कमी. तुमचं ॲप त्याला हिरवा दिवा दाखवील. आणि तोच माणूस आपल्याला शोधायचा आहे.

काट्याची बाभूळ
मले एक सांगा भाऊ, हे ॲप-बिप कायले पाह्यजे? कोनत्या घरी किडनीचा पेशंट हाय हे गावातलं पोट्टं बी सांगते. बोअरचं पानी तोंडात घेतलं का जीभ आखडते. साबन लावला त फेस येत नाई, दाय शिजत नाई. आधी गोड पानी द्या, मंग रगत काढा. पैसेवाले आरोचे कॅन आनतात, मजूर मानूस बोअरचंच पेते.

डॉ. खेडूत
पाणी हवंच, त्यावर वाद नाही. पण सगळं पाण्यावर ढकललं की बाकीचं झाकलं जातं. माझ्या ओपीडीत कंबरदुखीवर मेडिकलवरून डायक्लोफिनॅक आणून महिनोन् महिने खाणारे रोज येतात. काही जण रंगीत पुड्यांत बांधलेली "मिक्स गोळी" खातात, तिच्यात काय आहे ते देणाराही सांगत नाही. त्यात मे महिन्याचं ४५ अंशांचं ऊन, मुतखडे, वर्षानुवर्षं न तपासलेला बीपी. शिवाय ज्याची किडनी आज निम्मी गेलीय त्याला पाइपलाइन पूर्ण होईपर्यंत थांबा म्हणायचं का?

शंकेखोर
मी उलटं विचारतो. शोधून करणार काय? अमेरिकेच्या तज्ज्ञ गटानं २०१२ मध्ये म्हटलं होतं की लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी फायद्याची आहे असं म्हणायला पुरावा पुरत नाही. आणि इथं तर आजार सापडला की माणूस नागपूरच्या बसमध्ये बसणार. प्रधानमंत्री डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, महात्मा फुले योजनाही आहे, पण मशीनवर चार-चार तास, आठवड्यातून दोन-तीनदा, सोबत घरचा एक माणूस. दोघांची मजुरी बुडाली. लॅन्सेटमध्ये २०१५ साली हिशेब आला होता : २०१० मध्ये जगात सुमारे २६ लाख लोकांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण मिळालं, आणि ते न मिळाल्यानं मेलेल्यांचा अंदाज किमान २३ लाखांच्या घरात. बहुतेक गरीब देशांतले. उपचार द्यायची ऐपत नसताना नुसतं नाव सांगून माणसाची झोप उडवायची, हे मला पटत नाही.

डॉ. खेडूत
तुम्ही शेवटच्या पायरीचं बोलताय. आधीच्या पायऱ्यांना किडनीतज्ज्ञ लागत नाही. वेदनाशामक बंद करा, बीपी ताब्यात आणा, प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी द्या, पोटॅशियमवर लक्ष ठेवा. डापाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी किडनीलाही जपते. तिचं भारतातलं पहिलं पेटंट २०२० मध्ये संपलं, तेव्हापासून ती कितीतरी कंपन्या बनवतात, भाव उतरला. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रातला एमबीबीएस करू शकतो. किडनी परत येत नाही, पण डायलिसिस काही वर्षं पुढं ढकलता येतं. घरातला कमावता माणूस असेल तर ही वर्षं कमी नाहीत.

आशा_गटप्रवर्तक
तुम्ही सगळे बोलून झाले असाल तर मी बोलते. सीबॅक भरून झाला, आभा कार्ड झालं, आता आणखी चार प्रश्न. बरं, भरलेही. मोबाईलवर लाल आलं तर मी त्या बाईला काय सांगू? "ताई, मशीन म्हणते तुमची किडनी खराब असू शकते"? दुसऱ्या दिवशी तिची सासू माझ्या दारात, आमच्या सुनेचं नाव कशाला टाकलं म्हणून. रक्ताचा कागद दाखवला तर लोक ऐकतात. मोबाईलचं ऐकत नाहीत.

लॅबमधला
ताई, कागदानंही फसगत होते, तेवढं सांगतो. दोन रिपोर्ट समोर ठेवा, दोन्हींवर क्रिएटिनिन १.१. एक २५ वर्षांच्या मुलाचा. २०२१ च्या सूत्रानं त्याचा ईजीएफआर ९५ च्या आसपास, ठणठणीत. दुसरा ६० वर्षांच्या बाईचा, तिचा ५७ च्या आसपास. म्हणजे ६० च्या खाली, आजाराच्या रेषेवर. आणि छापील कागदावर बहुतेक वेळा दोघांपुढे "नॉर्मल". त्यात ही बाई ४० किलोची, अंगावर मांस नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळं तिची किडनी ५७ पेक्षाही कमी काम करत असेल. स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टाटिन सी ही रक्ततपासणी केली तर कळेल, पण ती तालुक्याला करतं कोण?

म्हणून मोबाईलला खरंच काम द्यायचं असेल तर हे द्या : वय आणि लिंग घालून ईजीएफआर काढा आणि कागदावर मोठ्या अक्षरात छापा. त्याला भाकीत करणारं मॉडेल लागत नाही, एक ओळीचं सूत्र पुरतं.

पूर्णाकाठ
ते करूच. पण मुद्दा तोच राहतो, रक्त कुणाकुणाचं काढायचं? पैसा मर्यादित आहे. २०२५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेनं किडनीच्या आजारावर पहिल्यांदा ठराव केला, पण ठरावासोबत किट येत नाहीत. कुठंतरी निवड करावीच लागेल. निवड करायचीच तर अंदाजपंचे करण्यापेक्षा गणितानं केलेली बरी.

लॅबमधला
निवड माणसांची करू नका, गावांची करा. दोन-तीन गावं घ्या आणि तिथल्या तिशीपुढच्या एकूण एक माणसाचं क्रिएटिनिन करा, ज्याला तुमचं ॲप सुरक्षित म्हणेल त्याचंही. ज्यांना गणितानं वगळलं त्यांचं रक्तच काढलं नाही, तर गणित चुकलं हे कळणार कसं? पाच वर्षांनी ते डायलिसिसला आल्यावर? आधी हे करा, मग मॉडेल बांधा, मी मदतीला येतो.

शंकेखोर
हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं. पण वाढलेलं क्रिएटिनिन एकदा सापडलं म्हणजे आजार नव्हे. तीन महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. त्या वेळी निम्मे लोक यायचे नाहीत. ते काम कोण धरणार?

आशा_गटप्रवर्तक
तेही मलाच करावं लागणार, माहीत आहे. मग तारखा मी ठरवणार. उन्हाळ्यात नको, दिवसभर उन्हात तापून आलेल्याचं क्रिएटिनिन तसंही वर दाखवतं असं आमचे डॉक्टर सांगतात. दिवाळीनंतर कापूस वेचणीला सगळे वावरात, तेव्हा गाव रिकामं. पोळ्याच्या आसपास घ्या, सकाळी सातच्या आत. दुसऱ्यांदा मी घरी जाऊन आणीन, पण त्याचे पैसे वेगळे लावा, "प्रोत्साहनपर" लिहून विसरू नका.

काट्याची बाभूळ
रगत घ्याल त पान्याचा नमुना बी घ्या. बोअर का हीर का टँकर, लिहून ठेवा.

पूर्णाकाठ
रकाना टाकतो. सध्या पिण्याचं पाणी कुठलं, एवढं पुरेल ना?

काट्याची बाभूळ
नाई पुरत. आज जो कॅन आनते तो धा वर्साआधी कोनत्या हिरीचं पानी पेत होता ते इचारा. बाई माहेरून आलेली असन त माहेरचं बी इचारा.