मदत हवी आहे: 'रोहना' बोटीवरचे खलाशी आणि पत्रातला 'भंडारी'

नमस्कार मंडळी,

आजीचे थोरले काका बोटीवर होते. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. लढाईत गेलेले काका परत आलेच नाहीत, एवढंच घरात ऐकलं होतं. गेल्या महिन्यात आजीच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, इंग्रजीत टाइप केलेलं एक पत्र सापडलं. बोट 'रोहना', २६ नोव्हेंबर १९४३, बुडून मृत्यू.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. रोहना 'ब्रिटिश इंडिया' या बोटकंपनीची, १९२६ साली इंग्लंडात बांधलेली. मद्रास–सिंगापूर फेऱ्या करायची, डेकवर उतारू खच्चून भरलेले. १९४० मध्ये ती सैन्याच्या वाहतुकीला घेतली. त्या संध्याकाळी अल्जीरियाच्या किनाऱ्यापुढे जर्मन विमानाने रेडिओवर वळवता येणारा बॉम्ब तिच्यावर सोडला. बोटीवर सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक होते, त्यांतले १,०१५ गेले. अमेरिकेने ही हकिकत कित्येक वर्षं दडवून ठेवली.

वाचलेल्या काही सैनिकांनी बोटीवरच्या भारतीय खलाशांना दोष दिलाय, की जीवरक्षक होड्या यांनीच आधी पळवल्या. ते वाचून फार लागलं. १९५ खलाशांपैकी निम्म्याहून जास्त बुडाले. होड्यांची कप्पी-साखळी गंजून बसलेली, कितीतरी होड्या पाण्यात उतरल्याच नाहीत, हे त्याच सैनिकांनी सांगितलंय.

आता अडलंय ते असं. पत्रात काकांच्या नावापुढे 'भंडारी' लिहिलंय. आम्ही जातीने भंडारी, म्हणून घरच्यांनी ते आडनावाच्या जागी लिहिलं असं धरलं. पण खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्यालाही बोटीवर भंडारीच म्हणत. मग हा हुद्दा तर नसेल? आजीला एक आठवतं, काका सुट्टीवर आले की चुलीपुढे कोणाला येऊ देत नसत, भात स्वतः शिजवत.

ज्यांच्या घरचे ब्रिटिश इंडियाच्या बोटींवर होते त्यांनी कृपया सांगा:

जुन्या कागदांत हुद्दा नावाला जोडून लिहीत का? मुंबई आणि चित्तगावच्या युद्धस्मारकांच्या नोंदवहीत खलाशांची नावं आहेत. तिथे शोधताना मूळ नावावर शोधू की वडिलांच्या? आणि लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारातून युद्धकाळातले खलाशांचे करारनामे कोणी मागवले आहेत का? त्यात गावाचं नाव असतं का?

आजी ९१ वर्षांची आहे. पत्राचा फोटो हवा असल्यास व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा, लगेच पाठवतो.