लेखी आदेश आणि झटक्याचे इंजेक्शन
डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय परिचारिकेने कोणतेही औषध देऊच नये, हे मत रुग्णालयाच्या वॉर्डापुरते ठीक आहे, सरसकट नाही. गर्भवतीला झटके आले आणि गावच्या आरोग्य उपकेंद्रात डॉक्टर नसतील, तर केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रशिक्षित एएनएम (उपकेंद्रातील परिचारिका) दोन्ही नितंबांत प्रत्येकी ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट हे झटक्यांवरचे औषध टोचून तिला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवू शकते. मुभा त्या पहिल्या डोसपुरतीच आहे. खरी अडचण रात्री फोनवर मिळणाऱ्या तोंडी आदेशाची असते: तो ऐकताच लिहून घेऊन, औषधाचे नाव व मात्रा डॉक्टरांना परत वाचून दाखवून, वेळ नोंदवून सकाळी त्यांची सही घेतली नाही, तर सगळे एकट्या सिस्टरवर शेकू शकते. (सही मागणारी सिस्टर ‘नियमावर बोट ठेवणारी’ ठरते, तो भाग वेगळा.)