गेटवरच्या नव्या गार्डचे कागद (सोसायटी ग्रुपवरची चर्चा, पर्वरी)

सचिव, ए-१०४:
नमस्कार मंडळी. १ तारखेपासून गेटवर नवी सिक्युरिटी एजन्सी येतेय. शिवाय पावसाआधी इमारतीला बाहेरून रंग लावायचाय, त्या कंत्राटदाराची दहा-बारा माणसं येतील. गार्डांचे आधार आलेत, इथेच टाकतो. बघून घ्या.
[४ फोटो]

वकीलबाई, सी-३०१:
सचिव, ते चारही फोटो आधी ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करा. दोन-अडीच दिवसांनी ती सोयही राहत नाही. ग्रुपवर भाडेकरू आहेत, दलाल आहेत, कोण कुठे पुढे ढकलेल सांगता येत नाही. आधार कायद्यात २०१९ साली कलम ८अ आलं. ऑफलाइन पडताळणी करणाऱ्याने माणसाची संमती घ्यायची आणि आधार क्रमांक साठवायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. सोसायटीच्या कपाटातल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यालाही तेच लागू.

सचिव, ए-१०४:
केले डिलीट. पण उद्या पोलीस आले तर दाखवायचं काय?

वकीलबाई, सी-३०१:
मास्क्ड आधार ठेवा, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. गार्डने स्वतःच्या मोबाइलवरून ई-आधार डाउनलोड करायचं आणि ‘मास्क्ड’वर टिक करायची. गाडी अडते ती ओटीपीवर. आधारला जोडलेला नंबर गावचा असतो, सिम कधीच बंद पडलेलं असतं. तसं असेल तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन नंबर बदलता येतो, त्याला दुसरा कागद लागत नाही. पोस्टमनकडूनही हे काम होतं.

बी-२०३:
मास्क्ड घ्या, पण नुसता कागद बघून पुढे जाऊ नका. त्यावरचा क्यूआर स्कॅन करा. साध्या कॅमेऱ्याने केला तर आकड्यांची लांबलचक रांग दिसते आणि लोकांना वाटतं कार्ड खोटं आहे. तसं नाही, त्याला आधारचं अधिकृत स्कॅनर अ‍ॅप लागतं. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मुख्य म्हणजे फोटो उघडतो. या माहितीवर डिजिटल सही असते, त्यामुळे ती मागाहून बदलता येत नाही. रंगीत झेरॉक्सवर नाव-फोटो बदलणं कुठल्याही दुकानात पाच मिनिटांचं काम आहे, क्यूआरमधला फोटो मात्र मूळ माणसाचाच राहतो. स्कॅन करायचं ते माणूस समोर उभा असताना. चेहरा, कागद आणि स्क्रीन, तिन्ही एकत्र बघा.
फार जुन्या कार्डांवरच्या क्यूआरमध्ये फोटोही नाही आणि सहीही नाही. तसं निघालं तर ताजं ई-आधार मागा.

डी-४०२:
एवढा खटाटोप कशाला? आधार आहे म्हणजे भारतीय आहे. विषय संपला.

वकीलबाई, सी-३०१:
नाही काका. त्याच कायद्याचं कलम ९ वाचा: आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. ‘हा माणूस हाच आहे का’ एवढंच आधार सांगतं. ‘याला इथे काम करता येतं का’ हा वेगळा प्रश्न, आणि आपल्याकडे त्याचं उत्तर देणारं एकच असं कार्ड नाही.
भारतीय नागरिकाच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. संविधानाच्या कलम १९ नुसार तो देशात कुठेही राहू शकतो, कुठेही कामधंदा करू शकतो. झारखंडच्या किंवा ओडिशाच्या माणसाला गोव्यात रंगकाम करायला कुणाची परवानगी लागत नाही. गेल्या वेळी कुणीतरी कामगारांकडे १५ वर्षांचा रहिवासी दाखला मागितला होता. तो सरकारी नोकरीसाठी असतो हो, भिंत रंगवायला नाही.

ई-१०३:
पण बंगाली बोलणारे असतात त्यांचं काय? बांगलादेशी असले तर?

वकीलबाई, सी-३०१:
पश्चिम बंगालमधल्या मालदा, मुर्शिदाबादचा माणूस बंगालीच बोलणार. भाषेवरून किंवा नावावरून ठरवायचा अधिकार सोसायटीला नाही, आणि तसं करणं अन्यायाचंही आहे. आपण एवढंच करायचं: आधाराचा क्यूआर आणि दुसरा एखादा कागद. मतदार कार्ड असेल तर निवडणूक आयोगाच्या साइटवर कार्डाचा क्रमांक घातला की नाव आणि यादीतला भाग समोर येतो. ज्याच्याकडे पासपोर्ट आहे त्याचा प्रश्नच मिटला, पण मजुरांकडे तो सहसा नसतो. कागद खरोखर जुळत नसतील तर पोलीस ठाण्याला कळवायचं, गेटवर उलटतपासणी करायची नाही.
स्पेलिंगच्या फरकावरून कुणाला परत पाठवू नका. कन्नड, उडिया नावं इंग्रजीत तीन-तीन प्रकारे लिहिली जातात, आणि कर्नाटकातल्या काही लोकांच्या नावापुढे कधी गावाचं आद्याक्षर असतं, कधी नसतं. बघायचं ते वडिलांचं नाव, जन्मवर्ष आणि फोटो.

सचिव, ए-१०४:
चारपैकी एक गार्ड नेपाळी आहे. त्याला चालतं का?

ए-२०१ (निवृत्त, सुरक्षा क्षेत्र):
हे मी सांगतो. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या कलम ७ मुळे नेपाळी नागरिकाला इथे राहायला, कामधंदा करायला व्हिसा लागत नाही. घरकामाला, हॉटेलात, स्वयंपाकाला ठेवायला हरकत नाही. ओळखीसाठी नेपाळचा पासपोर्ट किंवा नागरिकता प्रमाणपत्र बघा. नागरिकता देवनागरीत असते, पण जन्मतारीख विक्रम संवतातली. २०५५ बघून दचकू नका. ५७ वजा करा, तारीख पौषाच्या मध्यानंतरची असेल तर ५६. म्हणजे १९९८-९९ चा जन्म.
एजन्सीचा गार्ड म्हणून मात्र वेगळा कायदा लागतो. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५, कलम १०: गार्ड भारताचा नागरिक हवा, किंवा केंद्राने अधिसूचनेने ठरवलेल्या देशाचा. एजन्सीने कोणत्या आधारावर घेतलाय ते त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. तोंडी नको.

ए-२०१ (निवृत्त, सुरक्षा क्षेत्र):
आणि गार्डच्या आधी एजन्सीचे कागद बघा, लोक नेमकं उलटं करतात. परवाना पाच वर्षांचा असतो. त्यावर जिल्हा बघा: एका जिल्ह्याचा, जास्तीत जास्त पाच जिल्ह्यांचा, नाहीतर पूर्ण राज्याचा. फक्त दक्षिण गोव्याचा परवाना असेल तर पर्वरीच्या गेटवर त्याचा उपयोग नाही. बिनपरवाना एजन्सीला एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
गार्डचं वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत. प्रशिक्षण, केंद्र सरकारच्या नमुना नियमांप्रमाणे, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, माजी सैनिकांना कमी. प्रमाणपत्रावरच्या तारखा बघा. काल भरती झालेल्याच्या हातात आज प्रमाणपत्र असेल तर ते छापखान्यातून आलंय.

डी-४०२:
बरें. पण कागद एकाचे आणि उभा दुसराच, हे नेहमीचंच. मागच्या एजन्सीतही बदलीवर कोण कोण यायचे.

ए-२०१ (निवृत्त, सुरक्षा क्षेत्र):
बरोबर पकडलंत. कागदांत खोट कमी निघते, माणसांच्या अदलाबदलीत जास्त. पाच जणांचे कागद घेतात आणि रात्रपाळीला सहावाच उभा असतो, कारण पाचवा दुसऱ्या साइटवर डबल ड्यूटी करत असतो. यावर उपाय पीएफचा. एजन्सी दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पीएफ भरते, त्याच्या ईसीआर यादीत (त्या महिन्याच्या भरण्याचा तपशील) नावं आणि यूएएन (प्रत्येकाचा पीएफ क्रमांक) असतात. बिल पास करण्याआधी ती यादी मागा आणि गेटच्या हजेरीशी जुळवा. गेटवर आहे पण यादीत नाही, तो कोण? यादीत आहे पण गेटवर कधी दिसलाच नाही, त्याचे पैसे आपण भरतोय का? करारात एक ओळ घाला: बदली गार्ड पाठवायचा तर चोवीस तास आधी नाव आणि फोटो, नाहीतर ती पाळी बिलातून वजा.

बी-५०२:
मोलकरणींचं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्यायचं का?

सचिव, ए-१०४:
हो, फॉर्म माझ्याकडे आहेत. अर्ज पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरूनही करता येतो. भाडेकरूचा अर्ज वेगळा आणि नोकराचा वेगळा, एकाच्या जागी दुसरा भरू नका.

वकीलबाई, सी-३०१:
त्यात एक मोठी अडचण येते. बऱ्याच जणींनी आधारवरचा पत्ता बदलून इथल्या खोलीचा केलेला असतो, ‘केअर ऑफ घरमालक’ म्हणून. तोच पत्ता फॉर्मवर उतरवला तर पोलीस इथलीच खोली बघून मोकळे होतात, मूळ गावी कुणी विचारतच नाही. म्हणून मूळ पत्ता स्वतंत्र लिहा: गाव, पोस्ट, पोलीस ठाणं, जिल्हा, राज्य, पिन. पोलीस ठाण्याचं नाव हवंच, पत्र तिथेच जातं. ते नसलं की अर्ज पडून राहतो आणि आपण पोलिसांच्या नावाने बोटं मोडतो. गावचे दोन फोन नंबरही घ्या आणि एकदा स्वतः लावून बघा.
पोलिसांकडून मिळते ती अर्जाची पोच. पोच म्हणजे ‘माणूस स्वच्छ आहे’ असा दाखला नव्हे.
आणि कुणीही मूळ कागद ठेवून घेऊ नका. आधार, पासपोर्ट, बँकेचं पासबुक, काहीच नाही. बघायचं, नोंद करायची, हातात परत द्यायचं.

ई-१०३:
क्लबहाऊसमध्ये ती रशियन बाई योगा शिकवायला येणार म्हणाली होती, महिना दोन हजार रुपये. तिचंही बघायला लागेल ना?

वकीलबाई, सी-३०१:
सगळ्यात आधी तिचंच! पर्यटक व्हिसावर योग शिकायला परवानगी आहे, पैसे घेऊन शिकवायला नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसा असेल तर तो विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो, दुसरीकडे शिकवता येत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा त्यामुळे रद्द झाला. ज्यांनी फ्लॅट परदेशी पाहुण्यांना दिलेत त्यांनी चोवीस तासांत पाहुण्याची माहिती सरकारला कळवायचीच (पूर्वीचा फॉर्म सी), आठवड्यापुरतं दिलं असलं तरी.

बी-५०२:
आपल्याच गोंयकारांकडे पोर्तुगीज पासपोर्ट असतो, त्यांचं?

वकीलबाई, सी-३०१:
दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९. घरात जुनं मतदार कार्ड पडलेलं असलं तरी फरक पडत नाही. अशा माणसाकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) असेल तर तो नोकरी करू शकतो, थोडी क्षेत्रं सोडून. पत्रकारिता किंवा धर्मप्रसारासाठी वेगळी परवानगी लागते. ओसीआय कार्ड एकटं बघू नका, सोबत चालू परदेशी पासपोर्ट बघा.

डी-१०२:
विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या शेजारचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला आहे. नव्या नोकरीत ‘शेअर कोड’ मागतात म्हणे. पासपोर्ट दाखवून भागत नाही का?

बी-२०३:
काकी, ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून (ईयू) बाहेर पडल्यावर नाही भागत. त्याने ईयू सेटलमेंट स्कीमखाली (ईयूच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहू देणारी योजना) दर्जा घेतला असेल तर तो ऑनलाइनच असतो. ब्रिटिश सरकारच्या साइटवर लॉगिन करून ‘काम करण्याचा हक्क’ निवडून कोड काढायचा. नऊ अक्षरांचा असतो, सुरुवात डब्ल्यूने होते, ९० दिवस चालतो. कोड आणि जन्मतारीख मालकाला द्यायची. मालक स्वतःच्या बाजूच्या पानावर तो घालून फोटो बघतो आणि त्या पानाची नोंद नोकरी असेपर्यंत अधिक दोन वर्षं ठेवतो. मुलाने आपल्या फोनवरचा स्क्रीनशॉट पाठवला तर तो धरत नाहीत. आणि कोड ‘भाड्याच्या हक्का’चा काढला तर नोकरीला चालत नाही, ही चूक फार होते. पासपोर्ट नवा काढला असेल तर आधी तो खात्यात जोडायला सांगा.
मालक एवढे काटेकोर का? फेब्रुवारी २०२४ पासून दंड प्रत्येक बेकायदा कामगारामागे पहिल्यांदा ४५ हजार पाउंडांपर्यंत, पुन्हा सापडल्यास ६० हजारांपर्यंत. तपासणी नियमाप्रमाणे केली असेल तर दंडातून सुटका मिळते.

सचिव, ए-१०४:
आता रंगाऱ्यांचं बघू. कंत्राटदार म्हणतो, पोरं लहान दिसतात पण सगळे १८ चे आहेत.

वकीलबाई, सी-३०१:
आधारवरच्या जन्मतारखेवर विसंबू नका. ०१/०१ किंवा नुसतं वर्ष दिसलं तर बहुधा नोंदणीच्या वेळी तोंडी सांगितलेली तारीख आहे. शाळेचा दाखला किंवा पंचायतीचा, नगरपालिकेचा जन्मदाखला मागा. १४ च्या खालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हाच, सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. १४ ते १८ ला धोक्याचं काम चालत नाही. परांचीवर १८ च्या खालचं कुणी नको, हा आपला नियम कंत्राटातच लिहा. दाखला नसेल तर खाली रंग कालवायलाही ठेवू नका, दुसऱ्या दिवशी तोच पोरगा वर चढलेला असतो.

सचिव, ए-१०४:
ठीक. नोंदवही माझ्याकडे, कुलपात. रकाने असे: नाव, बघितलेले कागद कोणते, आधाराचे शेवटचे चार आकडे, मूळ गाव आणि ठाणं, कुणी तपासलं, तारीख, त्याची सही किंवा अंगठा. काम सोडल्यावर किती दिवस ठेवायचं ते कमिटीत ठरवू. गार्डांना शनिवारी संध्याकाळी बोलावलंय, बी-२०३ स्कॅनर घेऊन या.

बी-२०३:
येतो. ज्यांचं कार्ड लॅमिनेट केलेलं आहे त्यांना सांगून ठेवा, ट्यूबलाइटखाली चकाकतं आणि क्यूआर पकडत नाही. खिडकीपाशी बसू. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून मागवू नका, दाबला जाऊन ठिपके पुसट होतात. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून, पीडीएफ, तुमच्या एकट्याच्या नंबरवर.