मदत हवी आहे : अर्धवट राहिलेली कादंबरी, पण पात्रांची नावे निराळी

ध्रुवमत्स्य : गेल्या महिन्यात पोलंडमध्ये क्राकूफला असताना दोन दिवस पावसाने अडकवून ठेवले. अतिथिगृहाच्या कपाटात, पाठीला चिकटपट्टी लावलेली एक विज्ञानकादंबरी मिळाली आणि हा लेखक इतकी वर्षे आपल्या वाचनात कसा आला नाही, याची हळहळ वाटली. पुस्तक निम्मे झाले आणि निघावे लागले. पुण्यात आल्यावर त्याच कादंबरीचे ई-पुस्तक घेतले, तर पात्रांची नावे जुळत नाहीत. माझी फसवणूक झाली आहे का? शनिवारी पुन्हा प्रवास आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

शाईचा डाग : लेखक कोण, कादंबरी कोणती, भाषा कोणती, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही.

ध्रुवमत्स्य : क्राकूफ म्हटल्यावर तिथला लेखक लक्षात येईल असे वाटले होते. स्टानिस्वाव लेम, ‘सोलारिस’, इंग्रजी अनुवाद.

मुळाकाठ : आधी तार्कोव्हस्की यांचा याच कादंबरीवरचा १९७२ चा चित्रपट पाहावा, असे मी सुचवेन.

शाईचा डाग : स्वतः लेम यांना तो रुचला नव्हता आणि येथे प्रश्नही चित्रपटाचा नाही. ध्रुवमत्स्य, नायकाच्या मृत पत्नीचे नाव दोन्ही प्रतींत काय आहे?

ध्रुवमत्स्य : तिकडे रेया होते, येथे हारेय आहे. स्नोचाही स्नाउट झाला आहे.

शाईचा डाग : मग फसवणूक मुळीच नाही. मूळ पोलिश कादंबरी १९६१ ची. पण १९७० मध्ये आलेला इंग्रजी अनुवाद थेट पोलिशवरून नव्हे, तर फ्रेंच अनुवादावरून झाला आणि त्यात हारेयची रोमन अक्षरे उलटसुलट होऊन रेया हे नाव आले. लेम इंग्रजी उत्तम वाचत आणि त्या अनुवादावर नाराज होते. बिल जॉन्स्टन यांनी २०११ मध्ये थेट पोलिशवरून अनुवाद केला; आपल्याकडे आहे तो बहुधा हाच. क्राकूफमधले पुस्तक म्हणजे तीन भाषांच्या कानगोष्टी होत्या.

जुनी प्रत : हे अन्यायाचे आहे. ज्या अनुवादाने आम्हाला लेम भेटले, आणि ज्याने आताच एका वाचकाला दोन दिवस खिळवून ठेवले, त्याला कानगोष्टी म्हणून मोडीत काढणे बरे नव्हे.

शाईचा डाग : खिळवले ते लेमनी, अनुवादकाने फार तर आड येण्याचे टाळले.

टिंबटिंब : विनोदी लेम हवे असतील, तर ‘सायबेरियाड’ घ्यावे. तिथले एक यंत्र ‘न’पासून सुरू होणारी कोणतीही वस्तू बनवते, त्याला ‘काहीच नाही’ बनवायला सांगताच ते विश्वातल्या वस्तू एकेक करून नाहीशा करू लागते. पोलिशमध्ये आणि इंग्रजीत हा शब्द ‘न’नेच सुरू होतो आणि मराठीतही ‘नाही’ आयते हाताशी आहे, तरी कोणी मराठीत आणत का नाही, हे मला कळत नाही.

ध्रुवमत्स्य : ‘सायबेरियाड’ नंतर पाहीन. ‘सोलारिस’मध्ये हारेयच्या पोशाखाची बटणे नुसती शोभेची निघतात आणि तो कापावा लागतो, तो प्रसंग नव्या प्रतीत सापडला. मी त्याच्या थोडा पुढेपर्यंत पोचलो होतो. तिथूनच पुढे वाचू का?

शाईचा डाग : पहिल्या पानापासून.

जुनी प्रत : या एका बाबतीत मी सहमत आहे.