क्राकेन, नेसी, यती: शाळेत या गोष्टी सांगाव्यात की नाही?

सातपुड्याचा_मास्तर (शहादा)
"सर, हिमालयातला तो हिममानव, यती, खरंच असतो का?" असं पोराने विचारलं की बरेच शिक्षक "असलं काही नसतं, पुस्तक काढा" म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. आपली पोरं अस्तंब्याच्या डोंगराखाली वाढलीत. दिवाळीत माणसं तो डोंगर चढतात. कपाळावर जखम घेऊन अश्वत्थामा तिथे तेल मागत फिरतो आणि चुकलेल्याला वाट दाखवतो, हे त्यांनी आजीकडून ऐकलंय. त्यांना नॉर्वेच्या खलाशांचा क्राकेन, म्हणजे जहाजं बुडवणारा अजस्र समुद्रराक्षस, सांगा, डोळे विस्फारून ऐकतात. आणि त्या क्राकेनमागे महाकाय स्क्विड, लांबच लांब भुजांचा समुद्रातला प्राणी, निघालाच की! २००४ मध्ये जपानी संशोधकांनी ओगासावारा बेटांजवळ, समुद्रात सुमारे ९०० मीटर खोल, जिवंत स्क्विडचे फोटो घेतले. ओकापी हा जिराफाच्या कुळातला प्राणी काँगोच्या जंगलातल्या लोकांना कधीपासून ठाऊक होता, शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं १९०१ मध्ये. गोष्ट आधी, शास्त्र मागून. ती ओढच मारून टाकली तर शोधायला जाणार कोण?

तापीकाठ (भुसावळ)
सर, तुम्ही खरे निघालेले दोनच निवडले. बाकीच्यांचं काय? नेसी म्हणजे स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यातला म्हणे राक्षसी प्राणी. तिचा तो लांब मानेचा फोटो १९३४ चा. खेळण्यातल्या पाणबुडीवर बनावट डोकं बसवून काढलेला, हे उघड व्हायला १९९४ उजाडलं. साठ वर्षं जग फसलं. २०१८ मध्ये नील गेमेल या शास्त्रज्ञाच्या चमूने त्या तळ्याचं पाणी ठिकठिकाणाहून घेऊन त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशाचा मात्र भरपूर. यतीचे म्हणून जपलेले ९ नमुने २०१७ च्या अभ्यासात तपासले, त्यात ८ अस्वलं आणि एक कुत्रा. पोरांच्या मोबाइलवर बनावट व्हिडिओंचा पूर आलाय, त्यात शाळेनेही भर घालायची का?

रानवाट (यावल)
भो, तुम्ही दोघं स्कॉटलंडला पोचलात आणि घरचा रानपिंगळा, आपल्या रानातलं ते छोटं घुबड, विसरलात! १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नाही. पुस्तकांनी तो संपला असंच धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या परदेशी पक्षी अभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. ११३ वर्षांनी! मी पाहिलाय त्याला. उघड्या फांदीवर भर दिवसा बसतो, शेपटी डावी-उजवी झटकतो. डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठिपके जवळपास नाहीत आणि पाय पांढऱ्या पिसांनी असे भरलेले, की लोकरीचे मोजे घातलेत वाटावं. सागाच्या पानगळीत तो शोधताना जो थरार असतो, तो यतीच्या गोष्टीतलाच आहे.

तापीकाठ (भुसावळ)
रानवाट, उदाहरण झकास, पण ते माझ्या बाजूचं आहे. रानपिंगळा दंतकथा कधीच नव्हता. त्याची कातडी संग्रहालयात होती, चिठ्ठीवर गाव लिहिलेलं होतं. उलट लबाडीनेच त्याला लपवलं. माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना "१९१४, मांडवी, गुजरात" अशी खोटी नोंद करून स्वतःचा म्हणून ठेवला. लोक चुकीच्या जागी शोधत बसले. रासमुसेनबाईंनी ती चोरी पकडली, म्हणून खानदेशाच्या खऱ्या नोंदींकडे वळता आलं. पक्षी सापडला तो तपासामुळे, ओढीमुळे नाही.

सातपुड्याचा_मास्तर (शहादा)
आणि शंभर वर्षं कुणी न पाहिलेल्या पक्ष्यासाठी परदेशातून आपल्या रानात यायला लावलं कशानं? नुसत्या तपासानं? बनावट फोटोही मी वर्गात दाखवणारच. खोटं कसं रचलं हे शोधायला पोरांना जितकी मजा येते, तितकी धड्यात येत नाही.

डोंगरपाडा (धडगाव)
तुमचा वाद वाचला. मी पाड्यांवर आरोग्याचं काम करते. इथे कुणी नेसीला घाबरत नाही. इथे पोर तापानं गेलं, गाय आटली, की एखाद्या एकट्या बाईकडे बोट जातं, "डाकीण". मारहाण होते, गाव सोडावं लागतं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण बाई चौकीपर्यंत पोचायला हवी ना. तीही म्हाताऱ्यांनी सांगितलेली "गूढ गोष्ट"च आहे.

सातपुड्याचा_मास्तर (शहादा)
ताई, पण ती प्राण्याची गोष्ट नाही, जिवंत माणसावरचा आळ आहे. क्राकेनपायी कुणाचं घर जळत नाही. दोन्ही एकाच पोत्यात घालू नका.

डोंगरपाडा (धडगाव)
पोतं मी नाही भरलं, सर. पाचवीतलं पोर वाघदेव, अश्वत्थामा आणि डाकीण एकाच ओट्यावर, एकाच तोंडून ऐकतं. त्याला फरक कोण सांगणार? तुम्ही क्राकेन खुशाल सांगा, मीसुद्धा ऐकायला येईन. पण त्याच तासाला डाकिणीचं नाव काढा, आणि गावात जिला ते नाव चिकटलंय तिच्या घरचं पाणी पोरांसमोर प्या.