ड्राय हर्ब व्हेपोरायझर घ्यायचाय, पण बोटांत जोर नाही. कोणता बरा?

मोगरा_मिसिसागा:
नमस्कार मंडळी. मी कॅनडात मिसिसागाला असते, वय ५४, ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे ११ वर्षांपासून. नेहमीची औषधं चालूच आहेत, ती बंद करत नाहीये, पण रात्री हाताचे सांधे इतके ठणकतात की अडीचला जाग येते ती येतेच. डॉक्टरांनी मेडिकल कॅनाबिस, म्हणजे औषधी गांजा, लिहून दिलंय. आधी तेलाचे थेंब घेत होते पण त्याचा गुण यायला दीड-दोन तास लागतात, म्हणजे अडीचला घेतलं तर पहाटे कुठे बरं वाटणार आणि मग सकाळभर डोकं जड. आता डॉक्टर म्हणतायत की रात्रीपुरतं ओढून बघा, पण जाळून नको, व्हेपोरायझर घ्या, म्हणजे सुका पाला न जाळता नुसता तापवून त्याची वाफ ओढायचं यंत्र. कोणता ते तुम्हीच बघा म्हणाल्या.

आठवडाभर वाचतेय. माइटी प्लस, पॅक्स प्लस, अराइझर सोलो २, एक्समॅक्स व्ही३ प्रो आणि डायनाव्हॅप अशी पाच नावं वहीत लिहून ठेवलीयत. सगळे तुलना करतात ती किती सेकंदात तापतो आणि वाफ किती दाट येते याची. माझा प्रश्न साधा आहे, तो हातात धरवेल का, भरता येईल का, साफ करता येईल का? मला दुधाच्या पिशवीचा कोपरा सकाळी कात्रीने कापता येत नाही आणि कॅनाबिसची डबी चाइल्डप्रूफ झाकणाची असते, दाबून फिरवायची, ती नवराच उघडून देतो.

बजेट ३०० डॉलर, खरंच चांगला असेल तर ५०० पर्यंत ताणेन. आणि डिसेंबरात पुण्याला जायचंय दीड महिना, तिकडे नेता येईल का? आमच्याकडे गांजा शब्द काढला की बोलणंच बंद होतं, म्हणून इथे विचारतेय.

वॉटर्लूचा_वारा:
ताई, मी दोन्ही वापरलेत, सोलो २ तीन वर्षं आणि आता माइटी प्लस, तेव्हा सांगू शकतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे बाकी सगळं सोपं होईल. हर्ब म्हणजे सुका पाला, तो तापवायचे दोन प्रकार. एकात भांड्याची भिंत तापते आणि पाला तिला टेकून भाजतो, तव्यासारखं. दुसऱ्यात गरम हवा पाल्यातून जाते. पॅक्स हा तव्याच्या प्रकारातला. दिसायला सुंदर, खिशात मावतो, पण त्याला पाला एकदम बारीक दळून घट्ट दाबून भरावा लागतो, नाहीतर वाफच धड येत नाही. ते दाबायचं काम बोटांचं, त्यामुळे तुमच्यासाठी मी तो यादीतून काढेन. माइटी आणि सोलो दोन्हीत थोडा तवा थोडी हवा असं मिश्रण आहे, पाला सैल भरला तरी चालतं.

माइटी प्लस जर्मनीच्या स्टोर्झ अँड बिकेलचा, त्यांच्या माइटीचं तिकडे मेडिकल डिव्हाइस म्हणून सर्टिफिकेट असलेलं मेडिक मॉडेलही आहे. मिनिटभरात तापतो, २१० डिग्रीपर्यंत जातो, यूएसबी-सीने चार्ज होतो. वाफ थंड आणि मऊ, खोकला जवळजवळ नाही, या बाबतीत मला तरी दुसरा कोणी जवळपास वाटत नाही. पण ताई, वरचा वाफ थंड करणारा कूलिंग युनिटचा भाग पिळून काढावा लागतो आणि आत बारीक रबरी रिंगा असतात, त्या काढून धुवायच्या. माझ्या चांगल्या हातांनाही ते किचकट वाटतं. एक सोय आहे मात्र, त्याच्या पाला भरून ठेवायच्या छोट्या डोसिंग कॅप्सूल मिळतात, आठ बसतील अशी डबी येते, घरातल्या कोणी रविवारी बसून आठ भरून ठेवल्या की आठवडा निघतो.

सोलो २ आमच्या वॉटर्लूच्याच कंपनीचा. त्यात काचेची नळी असते आणि पाला त्या नळीच्याच टोकात भरतात. दळलेला पाला वाटीत घ्यायचा, नळी उभी धरून त्यात टोचायची आणि थोडी फिरवायची, झाली भरून. चिमटीत काही पकडावंच लागत नाही. मग नळी वरून भट्टीत सरकवायची. अंग जाड आणि गोल आहे, पेल्यासारखं मुठीत धरता येतं. किंमत माइटीच्या निम्म्याच्या आसपास. काच आहे, पडली की फुटते, माझ्या दोन फुटल्या, त्यातली एक मीच सिंकमध्ये पाडली. आणि ओढून झाल्या झाल्या नळीचं खालचं टोक हातात घेऊ नका, चटका बसतो.

औषधांची_पेटी:
मी ओंटारियोत फार्मसीत काम करते. उपकरणाबद्दल वर छान सांगितलंय, मी फक्त वापराबद्दल लिहिते कारण नवीन माणसाची गडबड इथेच होते.

तापमान १८० डिग्रीला ठेवून सुरुवात करा. चव टिकते, घसा सोलत नाही. हळूहळू गरजेप्रमाणे १९०-१९५ करा. २३० च्या पुढे पाला जळायलाच लागतो, मग ते आणि सिगारेट यात काय फरक राहिला. ओढताना जोर लावू नका, गरम चहा फुंकण्याच्या उलट क्रिया समजा, आठ-दहा सेकंद सावकाश आत. आणि छातीत कोंडून ठेवू नका, जे शोषलं जायचं ते पहिल्या काही सेकंदातच जातं, उरलेला वेळ फुप्फुसाला त्रास. एक झुरका, मग १५ मिनिटं थांबा, घड्याळ लावून थांबा. ओढलेल्याचा गुण काही मिनिटांत येतो आणि साधारण दोन ते चार तास राहतो, म्हणजे तुमच्या अडीचच्या जागरणाला हे बरोबर बसतं.

अडीचला उठून घेताय म्हणून अजून सांगते, बिछान्यावर बसूनच घ्या आणि लगेच उभ्या राहू नका, रक्तदाब उतरून चक्कर येते. सकाळी गाडी चालवायची घाई नको. रक्त पातळ करायची वॉरफरिन घेत असाल किंवा हृदयाचं काही असेल तर पहिल्या झुरक्याच्या आधी डॉक्टरांशी बोला, नंतर नाही. व्हेप म्हणजे फुप्फुसाला काहीच होत नाही असंही मानू नका, जाळण्यापेक्षा कमी वाईट एवढंच. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगने फुप्फुसं खराब झाल्याच्या बातम्या होत्या त्यात मुख्य गुन्हेगार काळ्या बाजारातल्या तेलाच्या काडतुसांमधलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं, तुम्ही पाला वापरताय, त्यात ते नाही. पण पाला परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या.

कॅलगरीचा_नांदेडकर:
मी डायनाव्हॅपवाला. लहानशी धातूची नळी, बॅटरी नाही, वरच्या टोपीला गॅसच्या छोट्या टॉर्चच्या ज्योतीने तापवायचं, योग्य तापली की टोपी टक्क करून वाजते, गार झाली की परत वाजते. मला फार आवडतो, पण ताई तुम्ही घेऊ नका. रात्री अडीचला झोपेत दुखऱ्या हातात गॅसची ज्योत, विचारही करू नका.

एक्समॅक्स स्वस्त आहे आणि त्याची बॅटरी बदलता येते, हा मोठा गुण. सोलो आणि माइटीत ती आतच बंद असते, चार-पाच वर्षांनी दमली की सर्व्हिसला पाठवा. तुम्ही रात्री एकदाच वापरणार, त्यामुळे तुम्हाला त्याचं एवढं नाही. पण एक्समॅक्सची भट्टी लहान आहे, चिमटीनेच भरावी लागते.

आणि कृपा करून ऑनलाइन जाहिरातीतला अर्ध्या किमतीचा घेऊ नका. मी घेतला होता २०२१ ला, खोका हुबेहूब, चालू केल्यावर तापलेल्या प्लास्टिकचा वास यायला लागला, दोन झुरक्यांत घसा धरला. मग मूळ कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला तर असा नंबरच नाही. ज्याने विकला तो गायब. ते आपल्या फुप्फुसात जातं हो, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

सातारी_मिरची:
मी साताऱ्यात असते, मला दमट हवेत कफाचा त्रास आहे. असल्या यंत्रात ओवा किंवा तुळस घालून ओढता येईल ना? कुठून मागवू?

औषधांची_पेटी:
मागवू नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बंद आहेत आणि त्यात व्याख्या अशी आहे की कुठलाही पदार्थ तापवून त्याचा एअरोसोल, म्हणजे बारीक कणांची वाफ, ओढायला देणारं उपकरण, निकोटीन असो वा नसो. आयात, विक्री, जाहिरात सगळंच बंद, पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही आपली पातेल्यातली साधी वाफ घ्या आणि कफ वारंवार होत असेल तर छाती तपासून घ्या.

मोगराताई, पुण्याचं उत्तरही यातच आलं. यंत्र नाही आणि पाला तर अजिबातच नाही. कॅनडात २०१८ पासून कायदेशीर असलं तरी देशाची सीमा ओलांडून नेणं इथूनही गुन्हा आहे, प्रिस्क्रिप्शन असलं तरी. दीड महिन्याचं काय करायचं ते डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

मोगरा_मिसिसागा:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दुकानात जाऊन दोन्ही हातात घेऊन बघितले. माइटीचं वरचं टोपण मला पिळलंच नाही, तीनदा प्रयत्न केला, दुकानातल्या मुलीने शेवटी हळूच माझ्या हातातून घेतला. सोलो २ तळहातात नीट बसला. तोच घेतला, जास्तीच्या दोन काचेच्या नळ्या घेतल्या आणि एक बॅटरीवरचा ग्राइंडर, कारण हाताने फिरवायचा मला कधीच जमला नसता.

आता संध्याकाळी नवरा डबी उघडून देतो, मी पाला दळते, नळ्या मीच टोचून भरते आणि टोपण लावून उशाशी स्टीलच्या पेल्यात रुमाल घालून उभ्या ठेवते. काल अडीचला उठले, १८० वर एक झुरका, १५ मिनिटं घड्याळाकडे बघत बसले, मग दुसरा. ठणका गेला नाही पूर्ण, पण लांब गेल्यासारखा झाला आणि पावणेसहापर्यंत झोप लागली. किती दिवसांनी ते सांगत नाही.

पुण्याचं डॉक्टरांना विचारलंय, १४ तारखेची वेळ मिळालीय. अजून एक विचारायचंय, नळ्या धुवायला आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणलंय, जाडं मीठ घालून हलवायचं म्हणतात, पण त्या बाटलीलाही तसलंच दाबून फिरवायचं झाकण आहे. कोणाला सोपं झाकण असलेली बाटली कुठे दिसली का?