.३०८ रायफलच्या गोळीचा वेग छापील आकड्यांपेक्षा जास्त येतो आहे. चूक कुठे शोधावी?

घोडबंदरकर (ठाणे पश्चिम)

नमस्कार. माझे थोरले बंधू बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात राहतात. तेथील कायद्याप्रमाणे ते आपल्या .३०८ विंचेस्टर रायफलची काडतुसे घरीच भरतात आणि त्यांच्या सगळ्या नोंदींची एक्सेल शीट मी ठाण्यातून सांभाळतो. आकडेमोड माझ्याकडे आणि नेमबाजी दादाकडे, अशी आमची वाटणी आहे. भारतात असे काही करण्याचा प्रश्नच नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

अडचण दुहेरी आहे. पहिली अशी की, १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे माप) गोळी आणि काडतुसातली तीच दारू धरूनही गोळी बनवणाऱ्या कंपनीचे पुस्तक, दारू बनवणाऱ्या कंपनीचे संकेतस्थळ आणि दादाकडचे एक जुने पुस्तक या तिघांत कमाल भराचे, म्हणजे काडतुसात घालायच्या दारूच्या जास्तीत जास्त वजनाचे, तीन वेगळे आकडे दिसतात. दुसरी अडचण अधिक गंभीर वाटते. कमाल मर्यादेच्या बऱ्याच खाली असलेल्या एका भरासाठी पुस्तकात सेकंदाला २५६० फूट वेग दिला आहे, आणि दादाच्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सरासरी २५९० येते. पुस्तकातील चाचणीची नळी २४ इंचांची आहे, दादाची २२ इंचांची. दादाचे म्हणणे असे की तीस फुटांचा फरक किरकोळ आहे आणि रायफल चांगली असल्याचे ते लक्षण आहे. मला ते पटत नाही, पण कारणही सांगता येत नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, त्याचा हा परिणाम असू शकेल का?

मापनवाला (खारघर)

उंचीचा मुद्दा प्रथम बाजूला काढू. विरळ हवेत गोळीला अडथळा कमी होतो, त्यामुळे लांबच्या लक्ष्यावर ती कमी खाली येते. परंतु नळीच्या तोंडाशी मिळणारा वेग ठरतो तो आतील वायूच्या दाबावर, आणि त्यापुढे बाहेरच्या हवेचा फरक नगण्य आहे.

आता तीस फुटांबद्दल. आपला फरक तीस फुटांचा नाहीच. .३०८ मध्ये नळी इंचभर कमी झाली की वेग साधारण २० ते २५ फुटांनी उतरतो, म्हणजे दादांच्या नळीतून पुस्तकातलाच भर सुटला असता तर २५१० ते २५२० दिसायला हवे होते. खरा फरक सत्तर-ऐंशी फुटांचा आहे आणि तो वरच्या बाजूला आहे. वेग फुकट मिळत नसतो. त्याच गोळीला आखूड नळीतून अधिक वेग मिळत असेल तर एक तर मोजमाप चुकते आहे, नाही तर दाब पुस्तकातल्यापेक्षा जास्त आहे. दुसरी शक्यता खोडून निघेपर्यंत दादांनी त्या भराची काडतुसे झाडू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

मी महापे एमआयडीसीत वजनकाटे आणि मापनयंत्रे तपासण्याचे काम करतो, त्यामुळे माझा संशय सवयीने आधी यंत्रावर जातो. वजनकाटा घ्या. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ ग्रेन दाखवणारा काटा साडेसहा मिलिग्रॅमच्या गोष्टी करतो. छताच्या पंख्याचा झोत, उघडी खिडकी, शेजारी ठेवलेला मोबाइल, नुकताच चालू केलेला आणि अजून न तापलेला काटा, यांपैकी कोणतीही एक गोष्ट तेवढी चूक सहज करू शकते. आमच्याकडे येणाऱ्या काट्यांत एक प्रकार वारंवार दिसतो: सोबत मिळालेले ५० ग्रॅमचे वजन ठेवले की आकडा अचूक, पण दोन-तीन ग्रॅमपाशी तोच काटा भरकटतो. म्हणून ज्या वजनाच्या आसपास दारू तोलायची, त्याच वजनाचे प्रमाण वजन वापरून काटा तपासावा आणि काम चालू असताना अधूनमधून तो पुन्हा तपासत राहावा.

क्रोनोग्राफची ढोबळ परीक्षाही सोपी आहे. कारखान्यात तयार झालेली .२२ एलआरची (सरावाच्या लहान रायफलची) साधी काडतुसे त्यावरून झाडून पाहावीत. सीसीआयच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसांचा जाहीर वेग १०७० फूट आहे. रायफलीगणिक तो थोडा बदलेल, पण यंत्र तीन-चार टक्के जास्त दाखवत असेल तर ते एवढ्यावरून ध्यानात येईल. उजेडावर चालणारा क्रोनोग्राफ असेल तर तो नळीच्या अगदी जवळ ठेवू नये, कारण नळीतून निघणाऱ्या झोताने चुकीचे आकडे येतात.

निवृत्त तपासनीस (नेरूळ)

मी दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली आहे. वरचे सगळे मान्य करून पुढचे सांगतो.

तीन पुस्तकांत तीन आकडे येणे हा दोष नाही. छापलेला भर हा त्या काडतुसाचा अंगभूत गुण नसतो. अमुक गोळी, अमुक पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच), अमुक प्राइमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी), दारूचा अमुक लॉट, काडतुसाची अमुक लांबी आणि अमुक नळी एकत्र आली त्या दिवशी काय घडले, याचा तो अहवाल असतो. १६८ ग्रेनच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या तराजूत सारख्या असतात, पण एकीचा नळीला घासणारा भाग लांब असतो, दुसरीचे आवरण कठीण असते; संपूर्ण तांब्याची गोळी तर त्याच वजनाला अधिक लांब असते आणि पुंगळीतली जागा खाते. शिवाय काही पुस्तके दाबमापक बसवलेल्या नळीवर चाचणी घेतात, काही दुकानात मिळते तशा रायफलवर. कोठे दाबाची मर्यादा आली म्हणून थांबलेले असते, कोठे पुंगळीत जागाच उरली नाही म्हणून. दोन्हींना नाव ‘कमाल’ असेच पडते.

दादांचे जुने पुस्तक नीट पाहा. त्यात दाब सीयूपीमध्ये दिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. तांब्याचा लहानसा दंडगोल किती चेपला यावरून दाब काढण्याची ती जुनी पद्धत. अमेरिकेच्या सामी संस्थेची .३०८ साठी मर्यादा त्या मापात ५२,००० आहे आणि आजच्या विद्युत संवेदकाच्या मापात ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). मर्यादा तीच, मोजण्याची रीत वेगळी. एकातून दुसरे काढण्याचे भरवशाचे सूत्र नाही. युरोपची सीआयपी याच काडतुसाला ४१५० बार देते, म्हणजे साधारण ६०,२०० पीएसआय, आणि तिची संवेदक बसवण्याची पद्धतही निराळी आहे. हे आकडे एकाच रकान्यात घातले असतील तर ते आधी वेगळे करावेत.

दारूचे नावही अक्षरन् अक्षर जुळवावे. एच-४३५० आणि आयएमआर-४३५० या दोन वेगळ्या दारू आहेत, ४८३१ च्या बाबतीतही तेच. केवळ अंक सारखा दिसला म्हणून एकीचा भर दुसरीला लावणे धोक्याचे आहे.

तरीही आपल्या प्रकरणात माझा पहिला संशय पुंगळीवर आहे. पितळी पुंगळीच्या बुडावर काय कोरले आहे, ते दादांना वाचायला सांगा. वर्तुळात अधिक चिन्ह असेल तर ती नाटोची लष्करी पुंगळी असते. अशा पुंगळ्यांच्या भिंती बहुधा जाड असतात, त्यामुळे बाहेरचे माप तेच राहून आतली जागा घटते आणि तेवढ्याच दारूचा दाब चढतो. काडतुसे उन्हात किंवा तापलेल्या गाडीत राहिली होती का, तेही विचारा; बऱ्याच दारू तापल्यावर अधिक जोराने जळतात.

वाशीचा वाचक

येथील नव्या वाचकांसाठी एवढेच: भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि काडतुसाचे सुटे भागही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. तिकडून येताना आठवण म्हणून सामानात पुंगळी टाकण्याचा मोह कोणी करू नये. आपल्याकडच्या बऱ्याच रेंजवर ज्या .२२ ने सराव होतो, तिचा प्राइमर पुंगळीच्या काठातच ओतलेला असल्याने ती पुन्हा भरण्याचा विषयच येत नाही.

घोडबंदरकर (ठाणे पश्चिम)

आपणा सर्वांचा आभारी आहे. दादाशी सविस्तर बोलणे झाले. काटा प्रमाण वजनावर बरोबर निघाला. क्रोनोग्राफवर .२२ ची काडतुसे १०७० च्या आसपासच आली. मात्र पुंगळीच्या बुडावर वर्तुळातले अधिक चिन्ह आहे. जुन्या पुंगळ्या संपल्यावर त्याने रेंजवरच्या एका परिचिताकडून ही पिशवी घेतली होती आणि शीटमध्ये पुंगळीसाठी रकानाच नसल्याने तो बदल माझ्यापर्यंत पोहोचला नाही. नव्या पुंगळ्या जुन्यांपेक्षा पंधरा ते वीस ग्रेनने जड भरल्या. वेग मोजला ती दुपार ऑगस्टमधली होती आणि डबा बाकावर उन्हातच होता. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उचलायला जड गेला नाही आणि प्राइमरही चपटे झालेले नाहीत, यावरून दाब मर्यादेत आहे असे दादा म्हणतो. ते ग्राह्य धरावे का?

निवृत्त तपासनीस (नेरूळ)

धरू नये. बोल्ट जड जाणे, प्राइमर चपटा होणे, पुंगळीच्या बुडावर चकाकता ठसा उमटणे ही लक्षणे दिसली तर थांबायचे, हे खरे. पण ती दिसली नाहीत म्हणून दाब सुरक्षित आहे असा उलटा निष्कर्ष निघत नाही. मऊ प्राइमर कमी दाबालाही चपटा होतो आणि कठीण प्राइमर मर्यादा ओलांडली तरी गोल राहतो.

वजनाचा हिशोब करून पाहा. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड असते. सतरा ग्रेन जादा पितळ सगळे आतल्या बाजूला असेल तर दोन ग्रेन पाण्याएवढी जागा गेली, आणि जेथे एकूण जागाच छप्पन्न ग्रेन पाण्याच्या आसपास आहे तेथे हे थोडे नव्हे. काही वजन बुडाच्या कडेतही असू शकते, म्हणून अंदाजावर न राहता झाडलेली पुंगळी जुना प्राइमर आतच ठेवून कोरडी तोलावी, तोंडापर्यंत पाणी भरून पुन्हा तोलावी आणि वजाबाकी करावी. पाण्याचा पृष्ठभाग फुगीर नसावा, आत हवेचा बुडबुडा राहू नये. दोन्ही प्रकारच्या चार-पाच पुंगळ्या मोजल्या की चित्र स्पष्ट होईल.

भरलेली काडतुसे दादांनी उकलून टाकावीत आणि लष्करी पुंगळ्यांसाठी पुस्तकातल्या सुरुवातीच्या भरापासून, सावलीत ठेवलेल्या काडतुसांनी, पायरीपायरीने पुन्हा वर यावे. आखूड नळीची वजावट धरून पुस्तकातला वेग कमी भरालाच मिळाला तर तेथेच थांबावे, दारूचा आकडा पुस्तकाशी जुळवायला पुढे जाऊ नये.

मापनवाला (खारघर)

शीटमध्ये पुंगळीचा शिक्का, प्राइमर, दारूचा लॉट, काडतुसाची लांबी आणि त्या वेळचे तापमान असे रकाने वाढवावेत. तीन पुस्तकांची सरासरी काढणारा रकाना केला असेल तर तो पुसून टाकावा. तीन वेगळ्या चाचण्यांच्या सरासरीची चौथी चाचणी कोणीही घेतलेली नाही. दादांकडची गोळी ज्या कंपनीची आहे तिचे पुस्तक पायाला धरावे, दारू कंपनीचा आकडा त्याशेजारी ठेवावा, आणि दोहोंत जो सुरुवातीचा भर कमी असेल तेथून सुरुवात करावी.